सागरांतील निवळी

पावसाळ्यांत नदीचें पाणी गढूळ झालें म्हणजे माठाच्या आंतल्या अंगास निवळीची बी उगाळावयाची व मग त्यांत पाणी भरून ठेवावयाचें, ही आपल्याकडील चाल फार जुनी आहे. संस्कृतांत निवळीस कतक म्हणतात, आणि मनुस्मृतींत व सुश्रुतसंहितेंत तिचा उल्लेख येतो. थोडा वेळ गेला कीं मातीचे कण एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके बनतात, पुंजके तळाशीं बसतात, आणि वरचें पाणी नितळ होतें. बियेच्या अंगीं मातीला खालीं ओढण्याचें कांहीं सामर्थ्य असतें असें नव्हे. तिच्या अंगीं कणांस एकत्र बांधण्याचा गुण असतो. एकेकटा कण इतका हलका कीं पाणी त्यास सहज तरंगत ठेवतें. त्यांचा समुदाय झाला म्हणजे तोच बुडूं लागतो. ह्या घरगुती गोष्टींत जें घडतें तेंच, कल्पनेस झेपणार नाहीं एवढ्या प्रमाणावर, समुद्रांत अहोरात्र चाललेलें आहे. आणि पृथ्वीच्या हवेंत कार्बन डायऑक्साइड म्हणजे कर्बवायु किती राहावा, ह्याचा निकाल बऱ्याच अंशीं त्यावर अवलंबून आहे. हें ज्ञान मनुष्यास कसें झालें, त्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील संशोधकांचा वांटा कोणता, आणि कोळशाच्या पट्ट्यांत राहणाऱ्या आपणां नागपूरकरांनीं त्यापासून काय घ्यावें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम व्यवहार काय आहे तो समजून घेऊं. समुद्राच्या वरच्या, सूर्यप्रकाश पोंचतो अशा थरांत डोळ्यांस न दिसणाऱ्या तरत्या वनस्पति असतात. त्यांस वनस्पति-प्लवक म्हणतात; कांचेसारख्या कवचाचे डायटम हे त्यांतलेच. सूर्याच्या बळावर पाण्यांतील कर्बवायु घेऊन त्या आपलें शरीर बनवितात. त्यांचा आकार क्षुद्र, परंतु कारभार मोठा. वर्षाकाठीं सुमारें ५० अब्ज टन कार्बन त्या आपल्या अंगीं बांधतात; पृथ्वीवरील सर्व वनस्पति मिळून जेवढें हें काम करितात त्याचा हा जवळजवळ निम्मा हिस्सा होय. ह्यांतील बहुतेक भाग वरच्यावर खाल्ला जातो, कुजतो व पुन्हां वायुरूपानें पाण्यांत मिसळतो. परंतु अदमासें ५ ते १२ अब्ज टन दर वर्षीं खोल पाण्याकडे उतरतो, आणि त्यांतला जो भाग पुरेसा खोल जातो, तो शेंकडों वर्षें हवेच्या भेटीस येत नाहीं. ह्यास शास्त्रज्ञ जैविक पंप म्हणतात. हा पंप बंद पडला तर हवेंतील कर्बवायु दशलक्षांत १५० ते २०० भागांनीं वाढेल असा अंदाज आहे. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेंत कर्बवायु सर्व मिळून दशलक्षांत २८० भागच होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या पंपाची योग्यता कळेल.

वरून खालीं जाणाऱ्या ह्या मालाची पहिली साक्ष समुद्राच्या तळानें दिली. १८७२ ते १८७६ ह्या काळांत 'चॅलेंजर' ह्या इंग्रजी जहाजानें जगांतील महासागरांची पहाणी केली. तळांतून ओढून काढलेला चिखल सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां कित्येक ठिकाणीं तो सूक्ष्म जीवांच्या कवचांचाच बनलेला आढळला. हे जीव तळाशीं राहतात कीं वरून पडतात, असा वाद होता. जॉन मरे ह्या मोहिमेंतील निसर्गशास्त्रज्ञानें पृष्ठावरील पाण्यांत बारीक जाळें ओढून तेच जीव तेथें जिवंत असल्याचें दाखविलें, आणि कवचें वरून पडतात हें ठरलें. पण एक कोडें सुटतें न सुटतें तोंच दुसरें उभें राहिलें. एकटी डायटम पेशी स्थिर पाण्यांत दिवसाकाठीं एखादा मीटर, फार तर कांहीं मीटर उतरते. महासागराची सरासरी खोली सुमारें ३७०० मीटर. मीटरभर वेगानें तळ गांठावयाचा तर दहा वर्षें लागतील. तोंवर प्रवाह तिला कोठल्या कोठें नेतील, आणि तिच्या मऊ अंगाचा मागमूसहि उरणार नाहीं. असें असतां वरच्या पाण्यांतील जीवांची खूण खालच्या चिखलांत इतकी नीट कशी उमटावी?

योगायोग असा कीं, ह्याच मरेच्या पैशावर आपल्या अरबी समुद्राची मोठी शास्त्रीय पहाणी झाली. ख्रिसमस बेटावरील फॉस्फेटच्या व्यवहारांत त्यानें संपत्ति मिळविली होती. त्यानें मागें ठेवलेल्या निधींतून १९३३-३४ सालीं इजिप्तचें 'मबाहिस' हें जहाज घेऊन एक मोहीम निघाली. तिचे नेते सीमोर स्यूएल हे पूर्वीं हिंदुस्थानच्या प्राणिशास्त्रीय पहाणी-खात्याचे प्रमुख होते. अरबी समुद्राच्या मधल्या खोलींत प्राणवायूनें अत्यंत दरिद्री असा पाण्याचा विस्तीर्ण थर असल्याचें ह्या मोहिमेच्या कामांतून स्पष्ट झालें. त्याचें एक कारण असें कीं, तेथील पाणी सावकाश बदलतें. दुसरें असें कीं, वरून पडणारें सेंद्रिय द्रव्य जीवाणु वाटेंतच फस्त करितात, व त्या भोजनास प्राणवायु खर्ची पडतो. म्हणजे वरून कांहीं तरी विपुल पडत होतें. तें कोणत्या रूपानें पडतें, हें मात्र अजून उलगडलें नव्हतें.

न उलगडण्याचें कारण साधनांत होतें. जाळें ओढलें कीं नाजूक पुंजके फुटत; बाटलींत पाणी भरून हलविलें कीं ते विरून जात. वस्तु हातीं येण्यापूर्वींच नाहींशी व्हावी, असा हा प्रकार होता. पुढें जपानांतील होक्काइदो विद्यापीठाचे संशोधक 'कुरोशिओ' नांवाच्या बुडत्या कोठींत बसून स्वतःच खालीं गेले. खिडकींतून दिव्याच्या झोतांत त्यांस पांढऱ्या भुरभुरीत पुंजक्यांची संथ वृष्टि दिसली. १९५३ सालीं सुझुकी व काटो यांनीं तिला 'सागरी हिम' असें नांव दिलें. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९५१ सालीं, रेचेल कार्सन ह्या अमेरिकन लेखिकेनें आपल्या समुद्रावरील ग्रंथांत तळाकडील ह्या अखंड वर्षावास हिमवृष्टीचीच उपमा दिली होती. विदर्भांतील वाचकानें हिमाऐवजीं पिंजाऱ्याच्या घरांत उडून मग सावकाश खालीं बसणारा कापूस डोळ्यांपुढें आणावा. त्यास तें दृश्य अधिक चांगलें कळेल. ह्या पुंजक्यांत मेलेल्या पेशी असतात, बारीक जीवांची विष्ठा असते, कवचांचे तुकडे, धूळ व जीवाणु असतात. अर्ध्या मिलिमीटरापेक्षां मोठे पुंजके सागरी हिमांत धरतात, आणि ते दिवसाकाठीं कित्येक दहा मीटर, कधीं शंभर मीटरांहूनहि अधिक, खालीं उतरतात. दहा वर्षांचा प्रवास असा कांहीं आठवड्यांवर येतो.

आपल्या देशांत ह्या अभ्यासास पाया मिळाला तो आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेमुळें. १९६० ते १९६५ च्या सुमारास अनेक राष्ट्रांच्या जहाजांनीं ह्या महासागराची पहाणी केली. तींत आपल्या नौदलाचें 'किस्तना' हें जहाजहि होतें. मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, व पुढें गोव्यांत दोना पावल येथें तिनें ठाण मांडिलें. १९८३ सालीं 'सागर कन्या' हें संशोधन-जहाज देशास मिळालें. ह्या संस्थेचे आर. आर. नायर यांनीं जर्मनींतील हाम्बुर्गच्या व अमेरिकेंतील वुड्स होलच्या सहकाऱ्यांसह १९८६ पासून अरबी समुद्रांत खोलवर सापळे लाविले. हे सापळे म्हणजे मोठीं नरसाळींच होत. तोंड वर, बुडाशीं पेले. ठराविक दिवसांनीं भरलेला पेला सरतो व पुढचा त्याच्या जागीं येतो. अशा रीतीनें समुद्राच्या पोटांतील वर्षावाची, पर्जन्यमापकानें पावसाची घ्यावी तशी, तारीखवार नोंद मिळूं लागली.

१९८९ सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत ह्या नोंदींचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खोल पाण्यांतील हा वर्षाव बारा महिने सारखा नसतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले कीं त्यास पूर येतो, ईशान्य मोसमींत तो पुन्हां वाढतो, आणि मधल्या महिन्यांत ओसरतो. ज्या वाऱ्याची वाट आपला शेतकरी मृगापासून पाहत असतो, तोच वारा ओमानच्या किनाऱ्यालगत खालचें थंड व खतानें समृद्ध पाणी वर आणितो; त्या खतावर सूक्ष्म वनस्पतींचें पीक येतें; आणि त्या पिकाचा पाचोळा थोड्याच आठवड्यांत हजारों मीटर खालीं जाऊन पोंचतो. पावसाळा जसा जमिनीवर, तसा तो समुद्राच्या पोटांतहि असतो, हें ह्या सापळ्यांनीं सिद्ध केलें.

आतां उरला प्रश्न चिकटपणाचा. कण एकमेकांवर आपटतात खरे, पण आपटलेले सर्वच कांहीं चिकटून राहत नाहींत. तो चिकटविणारा पदार्थ पारदर्शक असल्यामुळें सूक्ष्मदर्शकाखालींहि डोळ्यांस चुकवी. १९९३ सालीं ॲलिस ॲल्ड्रेज, ऊटा पासो व ब्रूस लोगन ह्या तिघांनीं समुद्राचें पाणी गाळून त्या गाळणीवर अल्शियन ब्लू नांवाचा रंग घातला, तेव्हां जेथें कांहींच नाहीं असें वाटे तेथें निळ्या पापुद्र्यांची, फितींची व ठिपक्यांची गर्दी दिसूं लागली. एका मिलिलिटर पाण्यांत कोठें २८, तर कोठें ५००० पर्यंत कण त्यांस मोजतां आले. हा रंग मूळचा कापडाचा. इंग्लंडांत तो सुती कापड रंगविण्यासाठीं निघाला; १९५० सालीं स्टीडमन ह्या संशोधकानें त्याचा उपयोग प्राण्यांच्या शरीरांतील श्लेष्मा ओळखण्याकडे केला; आणि पुढें त्याच रंगानें समुद्राचा श्लेष्माहि उघडकीस आणला. १८७७ सालीं सुरू झालेल्या व आतां बंद पडलेल्या एम्प्रेस मिलच्या सुतावर ज्या शहराच्या कित्येक पिढ्या पोसल्या, त्या शहरास ह्या रंगाच्या प्रवासाचें कौतुक वाटावें.

हे कण मुख्यतः आम्लधर्मी बहुशर्करांचे असतात. जवस पाण्यांत भिजत घातलें म्हणजे त्याच्याभोंवतीं जो बुळबुळीत लेप येतो, तो ह्याच कुळांतला. समुद्रांत तो डायटमांपासून व जीवाणूंपासून येतो. पाण्यांतील नत्र किंवा स्फुरद संपलें आणि सूर्यप्रकाश मात्र भरपूर उरला, म्हणजे सूक्ष्म वनस्पतीस आपलें अंग वाढवितां येत नाहीं. तरी ती कार्बन घेणें थांबवीत नाहीं, आणि जास्त झालेला कार्बन शर्करारूपानें बाहेर टाकते. ह्या विरघळलेल्या शर्करांचे तंतु पाण्यांतील कॅल्शियमच्या योगानें एकमेकांत गुंततात व त्यांचे चिकट कण बनतात. वनस्पतीच्या दृष्टीनें हें उतू गेलेलें द्रव्य. परंतु समुद्राच्या जमाखर्चांत त्यास दुहेरी महत्त्व आहे. एक तर हे कण स्वतः कार्बनानें भरलेले असतात, आणि दुसरें, भोंवतालच्या मेल्या-जित्या पेशींस एकत्र बांधून ते खालीं नेतात.

ही पद्धत निघाल्यापासून पांच वर्षांतच, १९९८ सालीं, गोव्याचे एम. दिलीप कुमार, व्ही. व्ही. एस. एस. सर्मा, एन. रामय्या व त्यांचे सहकारी यांचा हिंदी महासागरांतील ह्या कणांच्या महत्त्वावरील निबंध प्रसिद्ध झाला. १९९६ च्या पावसाळ्यांत अरबी समुद्रांतून जमविलेल्या नमुन्यांवरून चिकट कण व जीवाणु यांच्या संबंधाचा अभ्यास २००० सालीं पुढें आला. पी. व्ही. भास्कर व एन. बी. भोसले यांनीं २००५ सालीं 'करंट सायन्स'मध्यें सूक्ष्मजीवांनीं सोडलेल्या अशा द्रव्यांचा आढावा घेतला, आणि २००६ सालीं संस्थेच्या दारांतल्याच दोना पावलच्या उपसागरांतील चिकट कणांच्या चढउताराचा वृत्तांत दिला. ह्या कामाचें मर्म असें कीं, चिकट कण हें केवळ बांधण्याचें साधन नव्हे. तो जीवाणूंचा निवारा आहे आणि शिधाहि आहे. जो पदार्थ कार्बनास खालीं नेतो, तोच वाटेंत जीवाणूंस जेऊं घालतो. आणि त्यांनीं खाल्लेला कार्बन तळ न गांठतांच पुन्हां वायुरूप होतो. स्यूएलच्या मोहिमेनें पाहिलेल्या त्या प्राणवायुहीन थराचा एक धागा असा येथपर्यंत येऊन पोंचतो.

बंगालच्या उपसागराची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि तींत नागपूरचा अल्पसा पण प्रत्यक्ष वांटा आहे. आपली नाग नदी कन्हानास मिळते, कन्हान वैनगंगेस मिळते, वैनगंगा व वर्धा यांच्या संगमापासून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरींत शिरते. ह्या वाटेनें विदर्भाची माती उपसागरांत जाते. तेथेंहि नायर व हाम्बुर्गचे व्ही. इट्टेक्कोट आदि संशोधकांनीं सापळे लाविले होते. नद्यांच्या पुराचें पाणी समुद्रांत शिरलें कीं खोल जाणारा वर्षाव वाढतो, असा निष्कर्ष त्यांनीं १९९१ सालीं मांडिला. नदीच्या गाळाचे खनिज कण चिकट पुंजक्यांत अडकतात आणि त्यांस वजन देतात. माठांत मातीला बुडावयास चीक लागतो. उपसागरांत चिकास बुडावयास माती लागते. आतां गोदावरीच्या खोऱ्यांतील धरणांनीं समुद्रास मिळणारा गाळ पूर्वींच्या मानानें पुष्कळच अडविला आहे. आणि १९८८ सालीं पायाभरणी झालेल्या गोसीखुर्दच्या जलाशयांत नाग नदी गाळाबरोबर शहराचें सांडपाणीहि नेऊन टाकते.

ह्या वजनाचें महत्त्व २००४ सालीं आणखी स्पष्ट झालें. कुमिको आझेत्सु-स्कॉट व ऊटा पासो यांनीं दाखविलें कीं, शुद्ध चिकट कण समुद्राच्या पाण्यापेक्षां हलके असतात. ओझें न मिळाल्यास ते बुडण्याऐवजीं वर चढतात व आपल्याबरोबर इतर कणांसहि वर नेतात. गुऱ्हाळ पाहिलेल्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. उकळत्या रसांत रानभेंडीचा चीक घातला म्हणजे तो मळीस धरून वर आणितो, आणि मळी झाऱ्यानें काढून टाकतां येते. निवळी बुडविते, भेंडी तरंगविते. समुद्रांतील चीक कोणत्या वेळीं निवळीसारखा वागेल व कोणत्या वेळीं भेंडीसारखा, हें त्या पाण्यांत माती किती, कवचें किती, भक्षक जीव कोणते, ह्या अनेक गोष्टींवर ठरतें. म्हणून चिकटपणा वाढला कीं कार्बन बुडालाच, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब येथें चालत नाहीं.

हा धडा प्रयोगानें शिकण्याची वेळहि आली. दक्षिण महासागरांत इतर खत मुबलक असून लोखंडाचा तुटवडा आहे, आणि तेथें लोखंड घातल्यास वनस्पतींचें पीक वाढून हवेंतील कर्बवायु खालीं नेतां येईल, अशी कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनीं पुढें आणली होती. तिच्या परीक्षेसाठीं गोव्याची संस्था व जर्मनींतील आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनीं २००९ च्या आरंभीं 'पोलारस्टर्न' जहाजावरून संयुक्त प्रयोग केला. त्याचें नांव 'लोहाफेक्स'. त्यांतील लोहा आपल्याकडचा. गोव्याचे वाजिह नक्वी व जर्मनीचे व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख होते. समुद्रांत कांहीं टाकून पर्यावरण बिघडवूं नये, अशा हरकती निघाल्यामुळें जर्मन सरकारनें काम थोडे दिवस थोपविलें, व मग परवानगी दिली. सुमारें ३०० चौरस किलोमीटर पाण्यांत ६ टन लोखंड विरघळवून सोडण्यांत आलें. पीक आलें; पहिल्या दोन आठवड्यांत तें दुप्पट झालें. परंतु त्या पाण्यांत सिलिका आधींच संपलेली असल्यामुळें जड कवचाचे डायटम वाढले नाहींत. जे मऊ अंगाचे जीव वाढले, त्यांस कोपेपॉड नांवाच्या बारीक कवचधारी प्राण्यांनीं खाऊन टाकलें. अपेक्षेच्या मानानें फारच थोडा कार्बन खालीं गेला. ह्यास कोणी अपयश म्हणतील. आमच्या मतें हा त्या प्रयोगाचा सर्वांत मोलाचा लाभ होय. केवळ पीक काढल्यानें कार्बन पुरला जात नाहीं, हें त्यानें प्रामाणिकपणें जगापुढें ठेविलें.

ह्या इतिहासाचें तात्पर्य कोणतें? मनुष्यानें सोडलेल्या कर्बवायूपैकीं सुमारें चतुर्थांश आज समुद्र घेतो, ही गोष्ट खरी. पण तो वायु मुख्यतः पाण्यांत नुसता विरघळतो, आणि त्यामुळें पाणी अधिकाधिक आम्लाकडे झुकत आहे. सूक्ष्म वनस्पतींचा व चिकट कणांचा पंप हा निराळा आहे. तो आपल्या धुराच्या आधीं कोट्यवधि वर्षें चालत आला आहे, आणि आपला धूर वाढला म्हणून तो त्या प्रमाणांत वेग वाढवीत नाहीं. त्याची गति वारा, खत, माती व भक्षक ह्यांच्या हातीं आहे, कारखानदारांच्या किंवा सरकारांच्या हातीं नाहीं. समुद्र आहे, तो सर्व गिळील, ह्या समजुतीस ह्या विद्येंत कोठेंच आधार सांपडत नाहीं.

नागपूर समुद्रापासून शेंकडों कोस दूर. तथापि कामठी-उमरेडच्या खाणींतून जो कोळसा निघतो आणि कोराडी-खापरखेड्याच्या चुलींत जळतो, तो पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वींच्या दलदलींत पुरला गेलेला कार्बनच होय. निसर्गानें लक्षावधि वर्षें खर्चून जें पुरलें, तें आपण एका दुपारीं मोकळें करितों. आणि तें पुन्हां पुरण्याचें काम ज्यांच्याकडे आहे, ते कण इतके सूक्ष्म व इतके निर्मळ कीं रंग घातल्याखेरीज ते दिसतहि नाहींत. ते आपल्या गतीनें काम करीतच राहतील. त्यांच्यावर किती भार टाकावयाचा, हें ठरविणें मात्र समुद्राकांठच्या लोकांइतकेंच वैनगंगेच्या खोऱ्यांतील लोकांच्याहि हातीं आहे.